चार नंबरचं यीस्ट

भाकरीचा पापुद्रा सोलता सोलता धर्मपालनं मान वर न करता विचारलं, “तू मेलं म्हनलं होतं ना?”

तव्यावरची भाकरी शीलाच्या हातून अर्धवट उलटली आणि घडी पडून तशीच राहिली. काय मेलं, असं तिनं विचारलं नाही. कारखान्यातला धावजी गेल्यापासून या घरात तो शब्द कुणी उच्चारला नव्हता. परवा गॅलरीतल्या कुंडीतली जास्वंद वाळली तेव्हासुद्धा धर्मपाल म्हणाला होता, गेली वाटते ही. आणि आता तोच शब्द तो मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात ताटाशेजारी ठेवत होता.

“मी तसं नाई म्हनलं,” ती म्हणाली.

“कँटीनमंदी म्हनलं. मी इचारलं, चार नंबरचं काय, तं तू म्हनलं.”

“मेलं नाई म्हनलं.”

“मंग काय म्हनलं?”

तिनं गॅस बारीक केला. दुमडलेली भाकरी एका बाजूनं करपत होती आणि तो वास स्वयंपाकघरभर झाला होता. उद्या कारखान्यात सरकारी चौकशी अधिकारी येणार होते. दोघांनाही बोलावणं होतं. तिला प्रयोगशाळेची मायक्रोबायोलॉजिस्ट म्हणून, त्याला आंबवण विभागाचा शिफ्ट सुपरवायझर म्हणून. लग्न झाल्यापासून दोघं एकाच मोटारसायकलवरून वणीच्या बाहेरच्या त्या इथेनॉलच्या कारखान्यात जात आले होते, कोळशाच्या ट्रकांच्या मागून, तोंडाला रुमाल बांधून. उद्याही तसेच जाणार होते. त्याला एवढंच पाहिजे होतं, की जाण्याआधी तिनं एकदा हो म्हणावं.

मेलं. ती हा शब्द वापरतच नसे. सूक्ष्मदर्शकाशी बसणाऱ्या माणसाला तो शब्द फार महाग पडतो. स्लाइडवर टाकीत आंबणाऱ्या मक्याच्या घोळाचा एक थेंब, त्यात मिथिलीन ब्लूचा एक थेंब, वर पातळ काच. जी पेशी जिवंत असते ती आत शिरलेला निळा रंग उतरवून टाकते आणि पारदर्शक राहते. जिच्यात तेवढीही ताकद उरलेली नसते ती निळी होते. निळी ती मेलेली. बाकीच्यांबद्दल काही म्हणायचं तर जपून म्हणावं लागतं, हे नव्या पोरांना ती पहिल्याच दिवशी शिकवायची. आणि चार नंबरची टाकी थांबली त्या दिवशी तिच्यातल्या पेशी निळ्या नव्हत्या. थोड्या होत्या, पण बहुतेक नव्हत्या. त्या फक्त काही करत नव्हत्या. एरवी दर दुसऱ्या पेशीच्या अंगाला लहानशी कळी चिकटलेली दिसते, आई आणि लेकरू वेगळं व्हायच्या बेतात असल्यासारखी. त्या दिवशी कळ्या नव्हत्या. नुसते गोल, जरा आक्रसलेले, आतून दाणेदार झालेले. टाकीवर फेस नव्हता. काचेच्या खिडकीतून पाहिलं तर पिवळा घोळ साचलेल्या डबक्यासारखा पडून होता.

कारण तिला माहीत होतं. या उन्हाळ्यात निर्गुडा नदीला पाणी उरलं नव्हतं, कारखान्याच्या बोअर उतरल्या होत्या. मका दळून, शिजवून त्याचा घोळ करायला पाणी लागतं. दारू काढून घेतल्यावर खाली जे आंबट पाणी उरतं त्याला सगळे स्लॉप म्हणतात. थोडं स्लॉप ताज्या पाण्यात मिसळून पुन्हा घोळाला वापरायची पद्धत जुनीच. पण मॅनेजर घनश्याम सरांनी त्या महिन्यात ते वाढवत नेलं. शीला त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाली होती, सर, यात ॲसेटिक आम्ल साचत चाललंय, लॅक्टिक साचत चाललंय, यीस्टला हे सोसणार नाही. घनश्याम सर वाईट माणूस नव्हते. ते नेहमीप्रमाणे तिला बसा म्हणाले, चहा मागवला, आणि म्हणाले, “मॅडम, मग पाणी तुम्ही आणता का? नाही तर प्लांट बंद ठेवू?” चहा पिऊन ती परत आली.

आम्ल पेशीत कसं शिरतं याचं तिला कॉलेजात असल्यापासून नवल वाटत आलं होतं. बाहेर घोळ आंबट असला की व्हिनेगरमधलं ते आम्ल अखंड, शांत रूपात असतं, त्याच्यावर कसलाच विद्युतभार नसतो, आणि म्हणून पेशीचं आवरण त्याला अडवत नाही. ते आत जातं आणि आत गेल्यावर फुटतं. मग आतलं सगळंच आंबायला लागतं. पेशी तो आंबटपणा बाहेर फेकत राहते, एकेक कण, आणि प्रत्येक कण फेकायला तिची स्वतःची शक्ती खर्च होते. बाहेरून तेवढंच पुन्हा आत येतं. ती पुन्हा फेकते. अशा वेळी ती खात नाही म्हटलं तरी चालेल, वाढत नाही, कळी धरत नाही. जे काही आहे ते फक्त टिकून राहण्यासाठी. अमरावतीच्या वसतिगृहात असताना शीला हे वाचून आईला फोनवर सांगायची आणि आई म्हणायची, म्हंजे आपल्यासारखंच की वं. तेव्हा शीलाला राग यायचा. माणसासारखं काही नसतं त्यात. पेशीला आशा नसते, कंटाळा नसतो. आम्ल कमी झालं तर ती पुन्हा कामाला लागते, नाही झालं तर निळी होते. त्यात समजून घ्यायचं असं काही नाही, एवढंच तिला आवडायचं.

“जेव ना,” धर्मपाल म्हणाला. तो हात धुऊन येऊन पुन्हा त्याच जागी बसला होता. त्याच्या उजव्या हाताच्या कोपरापाशी खरचटल्याची खपली होती. टाकीच्या मॅनहोलच्या कडेची. खाली पडलेल्या धावजीला दोर टाकायला तो आत कमरेपर्यंत वाकला होता आणि भीमसिंग व आणखी एका कामगारानं त्याचे पाय धरून त्याला मागं ओढलं होतं, नाही तर तोही गेला असता. त्या संध्याकाळी तो याच जागी बसून, ओल्या कपड्यांतच, एकसारखं एकच वाक्य बोलत होता. “मीच म्हनलं त्याले. मीच म्हनलं, जाय बापा, खाली गाळ हाय, बाल्टीनं काढून घे. मीच म्हनलं, शीले.” तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं होतं. त्याच्या केसांना शिजलेल्या मक्याचा वास येत होता. त्यानंतर ते वाक्य तो कधी बोलला नाही. आधी ते वाक्य बंद झालं, मग हळूहळू धावजीचं नाव बंद झालं, आणि आज त्या जागी दुसरं वाक्य आलं होतं.

ती भांडी घासायला बसली. नळाला पाणी नव्हतं, ड्रममधलं मग्यानं घ्यावं लागत होतं. कँटीन. तिनं डोळ्यांसमोर कँटीन आणलं. पंखा, लांब टेबलं, ताटातली पातळ तुरीची डाळ. त्याच्या आदल्या सकाळी ती घनश्याम सरांशी भांडली होती. ती म्हणत होती, एक दिवस थांबा, ताजं पाणी थोडं सोडा, पीएच वर आणा, हे पुन्हा सुरू होईल. ते म्हणत होते, दोन दिवस टाकी अडकून पडली, मागं मका शिजून तयार आहे, रिकामी करा, धुवा, नवीन भरा. शेवटी त्यांनी तिच्यासमोरच फोन करून टाकी सोडायला सांगितलं. रात्रभर टाकी रिकामी होत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कँटीनमध्ये जाऊन बसली तेव्हा तिला कुणाशी बोलायचं नव्हतं, धर्मपालशी तर नाहीच, कारण तो लगेच म्हणायचा, साहेबाच्या तोंडी काहून लागतं तू. त्यानं समोर बसत विचारलं, चार नंबरचं काय?

संपलं ते. आता काई नाई होत त्याचं.

मग्गा ड्रमच्या कडेवर आपटला. हेच. हेच शब्द. ती भांडणाबद्दल बोलत होती. आता सर ऐकणार नाहीत, विषय संपला, असं तिला म्हणायचं होतं. आणि समोर बसलेल्या माणसानं ते टाकीबद्दल ऐकलं. टाकीतलं यीस्ट संपलं, म्हणजे मेलं. मेलेलं यीस्ट गॅस सोडत नाही. बुडबुडे तर दोन दिवसांपासून नव्हतेच. गॅस नाही तर तो मोजायचं मीटर कशाला आणायचं, ते दुसऱ्या विभागात पडलेलं असतं, त्याची बॅटरी कधी असते कधी नसते. धर्मपालनं एवढा सगळा विचार केलाही नसेल. त्यानं एक शब्द ऐकला आणि डाळभात संपवला आणि उठून गेला.

म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. तिला आधी हलकं वाटलं. ती उठून ओल्या हातांनी तशीच बाहेरच्या खोलीत आली. तो खिडकीशी उभा राहून बाहेर पाहत होता. “मी संपलं म्हनलं होतं,” ती म्हणाली. “मी उद्या सांगतो त्यायले. म्हंजे तुमच्यावर एकट्यावर नाई येनार.”

त्यानं वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं तिला वाटलं होतं. ती दिसली नाही. “बरं,” तो म्हणाला आणि पुन्हा खिडकीकडे वळला.

ती अंथरुणावर पडली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला वाटलेला हलकेपणा टिकत नाहीये. त्या शब्दाच्या खाली आणखी काहीतरी होतं. इतके दिवस ती त्याच्या कडेकडेनं फिरत आली होती. लहानपणी राजूरला, कोळसा खाणीच्या क्वार्टरमागं एक अर्धवट बुजलेली विहीर होती, तिच्याभोवती ती अशीच फिरायची. बाबा खाणीत होते. ते ओरडायचे, वाकू नको तिच्यात, खाली हवा नसते. शीला विचारायची, हवा कशी नसन, हवा तं सगळीकडं असते. बाबा म्हणायचे, असते, पन आपल्या कामाची नसते. जड हवा खाली बसते. तिले ना रंग ना वास. त्यांच्या खाणीत बंद पडलेल्या जागी आधी दिवा पाठवल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. हे ऐकत ती मोठी झाली होती. कारखान्यात कुणालाही नसेल इतकं ते तिच्या अंगात होतं.

कँटीनमधून ती प्रयोगशाळेत परतली. सकाळी टाकीच्या भिंतींवर पाण्याचे फवारे मारून झाले होते आणि कँटीनला जाताना तिनं तळाच्या नळातून बाटलीभर गाळ घेऊन ठेवला होता. कशासाठी, तर हट्टानं. कुणी मागितला नव्हता. रिकाम्या होत आलेल्या टाकीचा नमुना घेण्याला काही अर्थ नव्हता. तिनं स्लाइड केली आणि डोळा लावला. आणि तिथं कळ्या होत्या. सगळ्यांना नाही, पण होत्या. टवटवीत, काठ स्पष्ट असलेल्या पेशी आणि त्यांच्या अंगाला लहान लहान कळ्या. फवाऱ्याच्या ताज्या पाण्यानं तळाच्या गाळातलं आम्ल पातळ झालं होतं. त्यांनी आतला आंबटपणा बाहेर काढला होता आणि उरलेल्या साखरेवर पुन्हा काम सुरू केलं होतं. बाटलीचं बूच तिनं उघडलं होतं तेव्हा ते फस्सकन वर आलं होतं. तिनं ते ऐकलं होतं.

तिला आनंद झाला होता. अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं तो आनंद पुन्हा जसाच्या तसा अंगावर येऊ दिला, कारण आता त्याला टाळणं जमत नव्हतं. तो छातीतून घशापर्यंत आला होता. मी म्हटलं होतं ना, असा तो आनंद होता. तिनं लगेच फोन उचलला नाही. घनश्याम सर म्हणतील, एका स्लाइडवरून काय सांगता मॅडम. म्हणून तिनं दुसरी स्लाइड केली. नीट, सावकाश, काच पुसून. मग मोजायला बसली. तिला सरांसमोर एक आकडा ठेवायचा होता ज्यावर त्यांना बोलता येणार नाही. आणि त्या वेळात तिला माहीत होतं, की मॅनहोल उघडलंय. धुणं झालं की मॅनहोल उघडतात, मग कुणीतरी आत उतरतं, हे तिला रोजचं माहीत होतं. तळाच्या गाळात यीस्ट जागं आहे म्हणजे तळाशी कोणती हवा साठत असेल, हेही तिला माहीत होतं. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी होत्या. त्या एकमेकींना भेटल्या नाहीत. ती मोजत राहिली. मग टाक्यांच्या हॉलमधून कुणीतरी ओरडलं आणि तिला वाटलं, ट्रक मागं घेताना कुणी ओरडतंय.

शेजारी धर्मपाल जागा होता. त्याच्या श्वासावरून कळत होतं. हे त्याला सांगावं असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं, सांगितलं तर तो काय करेल? तो उद्यासाठी वापरेल? की तिचं डोकं छातीशी धरेल? दोन्हीपैकी काहीही झालं तरी ते तिला सोसवलं नसतं. तिनं कूस बदलली.

सकाळी मोटारसायकलवर ती त्याला धरून बसली, नेहमीसारखी. फाटकाबाहेर बाभळीच्या सावलीत धावजीची बायको बसलेली तिला दिसली. उर्वशी. नाव तिला त्या दिवशी दवाखान्यात कळलं होतं, कारण डॉक्टर तेच नाव पुन्हा पुन्हा पुकारत होते आणि ती बाई आपलंच नाव ओळखत नसल्यासारखी बसली होती. घाटंजीकडच्या तांड्यातून ती दिरासोबत आली होती. दीर, अमरसिंग, रखवालदाराशी काही बोलत होता. धर्मपालनं गाडीचा वेग कमी केला नाही.

त्याला आधी आत बोलावलं. तो बराच वेळ आत होता. शीला बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मनात वाक्यं जुळवत होती. मी संपलं म्हटलं. माझ्या पतींचा त्यामुळे गैरसमज झाला. आणि त्याच्या आधी, साहेब, मी स्लाइड पाहिली होती. हे दुसरं वाक्य ती जुळवायची आणि ते पुन्हा सुटं व्हायचं. धर्मपाल बाहेर आला. तिच्याकडे न पाहता कूलरपाशी गेला, पाणी प्यायला आणि तिथंच उभा राहिला.

केबिनमध्ये एसी होता. घनश्याम सर बाजूच्या खुर्चीवर होते, त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. अधिकारी वयानं तिच्याएवढेच, थकलेले, दूरवरून आलेले दिसत होते. त्यांनी अदबीनं विचारलं, “मॅडम, घटनेच्या वेळी टाकीत प्रक्रिया चालू होती का?”

“थांबली होती, सर. आम्ल जास्त झालं की पेशी थांबतात. पण त्या जिवंत होत्या. सकाळी ताजं पाणी लागल्यावर पुन्हा...”

“म्हणजे चालू की बंद?”

“बंद होती. मग चालू झाली.”

ते किंचित हसले, त्यात वाईट काही नव्हतं. “आणि हे सुपरवायझरना माहीत असण्याची काही सोय होती?”

“नाही. मी त्यांना उलट सांगितलं होतं. कँटीनमध्ये. मी म्हटलं होतं, संपलं ते.”

“मॅडम,” घनश्याम सर हळूच म्हणाले.

“नवराबायकोचं जेवतानाचं बोलणं मी यात घेऊ शकत नाही,” अधिकारी म्हणाले. “आणि त्याची गरजही नाही. तुमच्या मिस्टरांनी स्पष्ट सांगितलंय, की त्यांनी त्या कामगाराला आत जायला सांगितलं नव्हतं. तो परवानगी न घेता उतरला. बाकीच्या दोघांनीही तेच सांगितलंय. तुम्ही तर लॅबमध्ये होतात.”

शीला त्यांच्याकडे पाहत राहिली. एसीचा आवाज मोठा होता. आपण काही बोलावं यासाठी ते थांबलेत असं तिला वाटलं, पण ते थांबले नव्हते, पेनाचं टोपण शोधत होते. मी स्लाइड पाहिली होती, हे वाक्य तिच्या तोंडात पूर्ण होतं, शेवटच्या शब्दापर्यंत. ते कुणाला सांगायचं हेच तिला कळेना. या खोलीपुरता धावजी आपल्या मर्जीनं टाकीत उतरला होता. आता तिनं काय पाहिलं आणि काय नाही, याला इथं कुठंच जागा नव्हती.

“लॅबमध्ये होते,” ती म्हणाली.

बाहेर धर्मपाल तिची वाट पाहत होता. “तेच सगळ्यांनी म्हनलं,” तो तिच्या आधीच बोलला. “भीमसिंगनं बी. दुसऱ्यानं बी. मी एकटा काय करू? सर काल घरापर्यंत आलते खाली, तू भाकरी टाकून राह्यली होती तवा. म्हने, तुमच्या दोघाच्या नोकऱ्या हाय इथं.”

“मंग मले कायले इचारलं? मेलं म्हनलं का म्हनून?”

तो म्हणाला, “मले वाटलं, तू हो म्हनलं असतं तं मेलं समजून पाठवलं म्हनता आलं असतं, मले तसं बोलाचं काम नसतं पडलं.”

ती त्याच्याजवळून निघाली आणि चालत फाटकाबाहेर आली. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. बाभळीखाली उर्वशी एकटीच होती, अमरसिंगला आत नेलं होतं. शीला तिच्याशेजारी मातीवर बसली. उर्वशीनं पदर सावरून तिला जागा दिली. तिच्या मनगटावर बांगड्यांच्या जागी फिकट वळ उमटले होते. वय फार नसावं.

“तुमी दवाखान्यात होत्या ना, ताई?” ती म्हणाली. “लोक म्हनते, तो न इचारता उतरला. तो तं न इचारता कोनाच्या माठातलं पानी पेत नव्हता. हसत लोक त्याले. तो कसा उतरन?”

शीला बोलू लागली. कुठून सुरुवात करावी ते कळेना म्हणून तिनं सुरुवातीपासूनच केली. नदीला पाणी नव्हतं. आंबट पाणी पुन्हा वापरलं. टाकीत जिवंत असतं ते, डोळ्याला दिसत नाही इतकं लहान, ते गोड खातं आणि दारू करतं आणि श्वासासारखा एक वायू सोडतं. आंबट पाण्यानं ते थांबलं. सगळ्यांना वाटलं, आता काही नाही. मग ताजं पाणी पडलं आणि ते पुन्हा सुरू झालं, खाली, गाळात. तो वायू जड असतो, दिसत नाही, तळाशी बसतो. तिच्या आवाजात कळवळा आणि स्पष्टता दोन्ही होती, नव्या पोरांना शिकवताना असते तशी, आणि ते ऐकून तिला स्वतःचीच किळस आली, तरी तिनं शेवटपर्यंत सांगितलं. उर्वशीनं मध्ये एकदाही तोंड फिरवलं नाही.

“मले नाई समजत ताई एवढं,” ती शेवटी म्हणाली. “एवढंच सांगा. त्याले माहीत होतं का, आत काय हाय ते?”

“नाई.”

“भाऊले? ज्यानं पाठवलं त्याले?”

“नाई.”

रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला, धूळ त्यांच्यापर्यंत आली. उर्वशीनं पदर नाकाला लावला आणि धूळ बसू दिली.

“आन् तुमाले?”

“मले होतं,” शीला म्हणाली.

उर्वशीनं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग शोधायचा शीलानं प्रयत्न केला. तिथं फक्त ऐकलेली गोष्ट बरोबर ऐकली का, हे पुन्हा तपासणं होतं. तेवढ्यात अमरसिंग फाटकातून बाहेर आला, गाडीपाशी गेला आणि त्यानं वहिनीला हाक मारली. उर्वशी उठली, लुगड्याची माती झटकली. गाडीवर बसण्याआधी ती त्याच्याशी बंजाऱ्यांच्या गोर बोलीत काही बोलली. लांब नव्हतं ते, दोनतीन वाक्यं असतील. शीलाला ती बोली येत नव्हती. अमरसिंगची किक मारायला उचललेली टाच तशीच राहिली. त्यानं मान वळवून शीलाकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग रखवालदाराकडे. शीला उभी राहिली. तो येईल असं तिला वाटलं, आणि तिनं हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडले.

त्यानं किक मारली. गाडी चालू झाली, उर्वशी मागे बसली आणि ती दोघं मारेगावच्या रस्त्याला लागली. ट्रकांच्या रांगेत ती लवकरच दिसेनाशी झाली.

ऊन डोक्यावर आलं होतं. सावली बाभळीच्या बुंध्याशी गेली होती आणि शीला तिच्या बाहेर उभी होती. रखवालदार फाटकाचा दिंडी दरवाजा उघडून बाहेर आला.

“आत या ना मॅडम,” तो म्हणाला. “ऊन लागन.”

ती आत गेली. त्यानं तिच्या मागं दार लावून घेतलं.